इव्होल्यूशन, इम्प्रेझा आणि चार लिंबं

२ ऑगस्ट १९९८, रविवार. सकाळी ७.३०

गाडी बुक झाली. मारुती ८००. दसऱ्याला मिळणार. शोरूमवाल्याने रंग विचारला, मी 'रॅली रेड' म्हणालो. त्याने मान वर न करता 'सफेद' लिहिलं.

आजपासून रोजनिशी. मोटर रॅलीच्या प्रत्येक टीमजवळ अशी वही असते. रस्ता, हवा, टायर, चूक, सगळ्याची नोंद. मी पण चार रकाने आखले आहेत. 'चूक'चा रकाना बहुतेक कोराच राहील, पण आखला. सिंचाई विभागात ड्राफ्ट्समन आहे, रकाने आखणं हातचा मळ.

एक गोष्ट फक्त इथे लिहितो. मला गाडी चालवता येत नाही. म्हणजे येते, पण अजून चालवलेली नाही. सहा वर्षं मित्सुबिशी लॅन्सर इव्होल्यूशनचा अभ्यास आहे. पहिल्या मॉडेलपासून पाचव्यापर्यंत. फिनलंडच्या कच्च्या रस्त्यावर ही गाडी वळताना डोंगर कुठल्या बाजूला येतो तेही मला माहीत आहे. हे सगळं असलेल्या माणसाला उज्जैनच्या कोठी रोडवर मारुती चालवायला कितीसा वेळ लागणार?

निहारिकेने वर्गात सांगून टाकलंय की दसऱ्यानंतरच्या सोमवारी बाबा मला गाडीने शाळेत सोडणार. सहावी 'ब'च्या सर्व मुली फाटकाशी उभ्या राहणार आहेत.

साठ दिवस आहेत. भरपूर.

४ ऑगस्ट, मंगळवार. रात्री जेवणाआधी

ऑफिसमधून येताना टावर चौकात मधुकरच्या चष्म्याच्या दुकानात. मधुकर शाळेपासूनचा मित्र. माणूस सोन्यासारखा, पण सुबारू इम्प्रेझाचा भक्त. त्याचा मेहुणा सिंगापूरहून इंग्रजी मासिकं पाठवतो. आधी मधुकर वाचतो, मग मी. त्यामुळे माझ्या हातात येईपर्यंत इम्प्रेझाची पानं भिंतीवर लागलेली असतात आणि इव्होल्यूशनच्या पानांवर त्याच्या चहाचे डाग.

आजचा वाद: वळणावर कोण श्रेष्ठ?

मधुकरचं म्हणणं, इम्प्रेझाचं इंजिन आडवं पसरलेलं. दोन सिलिंडर डावीकडे, दोन उजवीकडे. सगळं वजन खाली. गाडी पाटावर मांडी घालून बसल्यासारखी बसते, हलत नाही. मी म्हणालो, बसण्याची स्पर्धा असती तर मी पण इम्प्रेझाच घेतली असती. इव्होल्यूशनच्या मागच्या चाकांमध्ये अशी यंत्रणा आहे की वळणाच्या बाहेरच्या चाकाला जास्त जोर मिळतो आणि गाडी आपणहून आत वळते. मधुकर म्हणाला, मग ड्रायव्हर काय करतो? मी म्हणालो, विचार करतो.

मागच्या वर्षी ड्रायव्हरचं जगज्जेतेपद आमच्या गाडीला, कंपनीचं त्यांच्या. दोन्ही जपानी कंपन्या कागदावर दोनशे ऐंशी हॉर्सपॉवर लिहितात. म्हणजे निकाल लागलेला नाही.

एक गृहस्थ चष्म्याची दांडी बसवायला आले होते. अर्धा तास उभे राहिले. मग काउंटरवरचा स्क्रूड्रायव्हर घेऊन स्वतःच बसवून गेले.

९ ऑगस्ट, रविवार. सकाळी १०

सराव सुरू. ट्रेसिंग पेपरवर पेडलचा फुल स्केल नकाशा काढला. तो हॉलमध्ये जमिनीवर चिकटवला. क्लचच्या जागी पाट, ब्रेकच्या जागी पोळपाट, ॲक्सिलरेटरच्या जागी ताम्हन. समोर खुर्ची. हातात परात.

आजचा धडा: उजव्या पायाच्या चवड्याने ब्रेक आणि त्याच पायाच्या टाचेने ॲक्सिलरेटर, दोन्ही एकदम. मोठे ड्रायव्हर असंच करतात.

आईने, म्हणजे माईने, देवघरातून येऊन विचारलं की ताम्हनावर पाय कोण ठेवतं. सुलूने पोळपाट मागितला. मी म्हणालो, दहा मिनिटं थांब, ब्रेक लागतोय. ती म्हणाली, "अहो, कणीक मळून ठेवली आहे नं, ती नाही थांबणार."

ब्रेक गेल्यामुळे सराव बंद. पोटरीत गोळा आला. रस्ता: गुळगुळीत. हवा: पंखा दोनवर. चूक: घरच्यांची.

१६ ऑगस्ट, रविवार

मराठी मंडळाचे सचिव घरी आले होते. गणेशोत्सवाच्या व्याख्यानमालेत तिसऱ्या दिवशीचे वक्ते देवासचे होते, त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. जागा रिकामी. मी सहज म्हणालो की रॅलीवर बोलू शकेन. सचिवांना वाटलं राजकीय. समजावून सांगितल्यावरही हो म्हणाले. फारच अडचणीत असावेत.

विषय: 'इव्होल्यूशन की इम्प्रेझा? कच्च्या रस्त्यावरचे दोन महारथी.'

मधुकर म्हणाला की तू पक्षपात करशील. मी म्हणालो, अजिबात नाही, दोन्ही बाजू मांडणार आणि मग इव्होल्यूशन जिंकणार.

गाडीच्या शिकवणीचं मात्र भाषण झाल्यावर बघू. एका वेळी एकच आघाडी.

२८ ऑगस्ट, शुक्रवार. सकाळी ६.४५

काल भाषण. श्रोते एक्केचाळीस. त्यातली सव्वीस मुलं, त्यांच्या नाचाची प्रॅक्टिस माझ्यानंतर होती. तरी एक्केचाळीस म्हणजे एक्केचाळीस.

ट्रेसिंग पेपरवरचे दोन्ही गाड्यांचे नकाशे मागून बल्ब लावून दाखवले. टर्बो म्हणजे काय, चारही चाकांना जोर म्हणजे काय, बर्फात काय होतं, सगळं सांगितलं. हातवारे करून वळण दाखवताना टेबलावरचा तांब्या कलंडला. तो मी भाषणात घेतला: ओला रस्ता असा असतो.

प्रश्नोत्तरं. एका काकूंनी विचारलं, यातली ॲव्हरेज कोणती चांगली देते? दुसऱ्या गृहस्थांनी विचारलं की मागे सिलिंडर बसतो का, गॅसचा. मधुकर उभा राहून इम्प्रेझावर पंधरा मिनिटं बोलला. त्याला प्रश्न म्हणत नाहीत.

मग अध्यक्षांचा समारोप. ते म्हणाले, आपल्या समाजात इतका निष्णात ड्रायव्हर आहे हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. मी उठून दुरुस्त करणार होतो. पण वडीलधाऱ्यांना मध्येच तोडणं आपल्यात बसत नाही. मग ते म्हणाले, यंदा विसर्जनाची मेटाडोर यज्ञेश्वरच चालवतील. यज्ञेश्वर म्हणजे मी. टाळ्या. निहारिका खुर्चीवर उभी राहून टाळ्या वाजवत होती.

५ सप्टेंबर, शनिवार

विसर्जन. कंबर धरली आहे. सकाळपासून पडून. माईने बाम चोळला आणि म्हणाली, काल रात्री तर दोन बादल्या पाणी वर नेलंस. त्यामुळेच धरली असणार.

मिरवणूक गच्चीवरून पाहिली. म्हणजे सरपटत गेलो गच्चीवर. मेटाडोर मोटर ड्रायव्हिंग स्कूलवाला प्रकाश उस्ताद चालवत होता. इतकी हळू की ढोलवाल्यांना ताल कमी करावा लागला. क्लच फार धरतो. मूर्ती जराही हलली नाही एवढं मात्र खरं.

दसऱ्याला सव्वीस दिवस.

६ सप्टेंबर, रविवार

उद्यापासून पितृपक्ष. शुभ कामाला हात लावायचा नाही. म्हणून शिकणं थेट घटस्थापनेपासून. माझा नाइलाज आहे, शास्त्र आहे.

माई म्हणाली, शास्त्रात मोटर शिकू नये असं कुठे आहे? "तुझ्या बाबांनी टाइपिंगची क्लास पितृपक्षातच लावली होती, आणि सहा महिन्यांत नोकरी लागली." सुलूने मागच्याच महिन्यात दोघांचे फॉर्म भरून घेतले होते, दोघांचंही लर्निंग लायसन्स आलेलं आहे. मी म्हणालो, तुझं कशाला? ती म्हणाली की एका चक्करमध्ये दोन कामं झाली.

प्रकाश उस्तादकडे पंधरा दिवसांचा कोर्स. मंगळवारपासून, सकाळी सहा.

८ सप्टेंबर, मंगळवार. सकाळी ७.१५

धडा पहिला. कोठी रोड.

उस्तादच्या गाडीला त्याच्या बाजूनेही ब्रेक-क्लच आहे. म्हणजे अर्धी गाडी आपली नाहीच. त्याने विचारलं, "बाबूजी, पहले कभी चलाई है?" मी म्हणालो, थिअरी पूरी है.

मी डाव्या पायाने ब्रेक दाबायचं ठरवलं होतं. फिनलंडचे लोक तसंच करतात, पुढची चाकं दबतात आणि गाडी वळते. उस्ताद म्हणाला, बायां पैर क्लच पे. मी म्हणालो, वो तो है, लेकिन. तो म्हणाला, लेकिन नहीं, क्लच पे.

गाडी अकरा वेळा उडी मारून बंद पडली. मॉर्निंग वॉकवाले दोन वेळा आम्हाला ओलांडून गेले, एकदा जाताना, एकदा परत येताना. ऑफिसचे हेडक्लार्क त्यात होते. त्यांनी नमस्कार केला, मी पण केला. स्टिअरिंग सोडलं म्हणून उस्ताद ओरडला.

निदान: सदतीस हॉर्सपॉवरची गाडी. दोनशे ऐंशीचं ज्ञान तिच्यात मावत नाही.

९ सप्टेंबर, बुधवार

धडा दुसरा. आज गाडी चालली. शंभरेक मीटर. म्हणून लगेच वळणाचं तंत्र घेतलं. उजवीकडे वळायच्या आधी क्षणभर डावीकडे झटका द्यायचा, गाडीचं वजन हलतं, मग उजवीकडे घ्यायची. मागून येणाऱ्या दूधवाल्याला हे तंत्र ठाऊक नव्हतं. त्याला वाटलं मी डावीकडे चाललो. उस्तादने त्याच्या बाजूचा ब्रेक दाबला. दूध सांडलं नाही. दूधवाला जे बोलला ते या वहीत लिहिण्यासारखं नाही.

मधुकरला सांगितलं. तो म्हणाला, इम्प्रेझा असती तर दूधवाला घाबरलाच नसता.

११ सप्टेंबर, शुक्रवार

धडा तिसरा आणि शेवटचा. उस्तादने गाडी झाडाखाली उभी केली, पाणी प्यायला आणि हात जोडून म्हणाला, "बाबूजी, आप बहुत पढ़े-लिखे आदमी हो. आपको सिखाना अपने बस का नहीं." साध्या माणसाकडून एवढी कबुली म्हणजे मोठी गोष्ट. मलाही संकोच वाटला.

कोर्सचे बारा दिवस उरले आहेत. फुकट कशाला घालवायचे, म्हणून सुलूला पाठवायचं ठरवलं. तिला गाडीतलं ओ की ठो कळत नाही, पण सकाळची हवा लागेल. ती लगेच हो म्हणाली. चप्पल कोणती घालू एवढंच विचारलं.

१६ सप्टेंबर, बुधवार

सुलू रोज पावणेसहाला जाते, सात वाजता येते, चहा टाकते. आज मीच विचारलं, काय शिकलीस? म्हणाली, तिसरा गिअर. मी विचारलं, इव्होल्यूशनमध्ये डिफरन्शियल किती? सांगता आलं नाही. विचारलं, टर्बोचं काम काय? नाही आलं. पाया कच्चा आहे. पण तिचा उत्साह मोडायला नको म्हणून गप्प राहिलो.

दसऱ्याला पंधरा दिवस. मी स्वतंत्र सराव करणार.

२० सप्टेंबर, रविवार

मधुकरच्या साडूची फियाट आहे. मी म्हणालो, ती माग, तू शेजारी बस, मी चालवतो, अडलं तर तू सांग. मधुकर एकदम म्हणाला की त्याची कंबर धरली आहे. मग म्हणाला की फियाटला आडवं इंजिन नाही, त्याला तिची सवय नाही. मग गिऱ्हाईक आलं. हल्ली कंबरेचे आजार फार वाढलेत.

तो दुकानात सायकलवर का येतो हे मी सहा वर्षांत कधी विचारलं नाही. व्यायामासाठी असेल.

२६ सप्टेंबर, शनिवार. दुपारी ३

निहारिका अभ्यास करताना मध्येच म्हणाली, "बाबा, तुम्हाला खरंच येतं नं?" मी विचारलं, काय? तिने मान खाली घालून वहीच्या कडेला गाडी काढली. चार चाकं, मोठा मागचा पंख, खिडकीत मिशीवाला माणूस. मी म्हणालो, येतं.

भीती वाटली. हे लिहिण्यासारखं नाही, पण वाटली. जेवताना आमटीची वाटी तशीच राहिली. सोमवारी फाटकाशी उभ्या असलेल्या मुली सारख्या डोळ्यांपुढे येतात.

जेवण झाल्यावर सुलूला सहज विचारावं तसं विचारलं की क्लच सोडताना तुला नेमकं काय वाटतं. ती म्हणाली, पोळी तव्यावर टाकताना हात कसा सोडतो आपण, एकदम नाही, तव्याला लागली की मग, तसा पाय सोडायचा. मी म्हणालो, हे काही शास्त्रीय नाही. ती हसली आणि म्हणाली, शिकवू का उद्या सकाळी? मी म्हणालो, उद्या ऑफिसचं काम आहे. उद्या रविवार आहे हे नंतर लक्षात आलं. तिच्या लगेच आलं असावं.

दुपारी सगळे झोपल्यावर पाटावर पाय ठेवून पोळीसारखा सोडून पाहिला. पाटाला काय कळणार.

१ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा. दुपारी ४

सर्व क्रमाने लिहितो.

शोरूमपासून चिंतामण गणपतीपर्यंत गाडी प्रकाश उस्तादने आणली. मीच सांगितलं, नव्या इंजिनाचे पहिले किलोमीटर तटस्थ हाताने व्हावेत. आम्ही मागून ऑटोने. नवी गाडी आधी चिंतामणला न्यायची हा इथला रिवाज, त्यामुळे देवळासमोर ही रांग. चार ट्रॅक्टर, वीसेक मोटरसायकली, एक मिनीबस. आम्ही बाराव्या नंबरला. मधुकर गळ्यात कॅमेरा अडकवून हजर होता.

पंडितजींनी बॉनेटवर स्वस्तिक काढलं, स्टिअरिंगला पूजेचा लाल नाडा बांधला, नारळ फोडला. मग चारही चाकांखाली एकेक लिंबू. आता यजमानाने स्वतः गाडी पुढे घ्यायची, लिंबं फुटली की नजर उतरली, पूजा पूर्ण. ही गोष्ट मला माहीत होती. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या पूजेला उभा राहिलोय. आपल्यावर येईल तेव्हा अशी येईल हे लक्षात आलं नव्हतं.

बसलो. शेजारी उस्ताद. बाहेर माई हात जोडून, सुलू आरतीचं ताट घेऊन, निहारिका सर्वांत पुढे. मी इव्होल्यूशनची सुरुवात ठरवली होती: इंजिन जोरात फिरवायचं आणि क्लच एका फटक्यात सोडायचा. फिरवलं. कबुतरं उडाली. सोडला.

गाडीने एक उचकी दिली आणि बंद पडली.

दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा माईने गणपतीचं नाव घेतलं. चौथ्यांदा गाडी चालली, चांगली जोमात चालली, पण मागे. ट्रॅक्टरवाला ट्रॉलीवर चढला. उस्तादने हँडब्रेक ओढला. पंडितजी वाकून चारही चाकांखाली बघून आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "नींबू तो साबुत हैं, यजमान." परत लिंबं लावली. रांगेतून हॉर्न सुरू झाले. कोणी म्हणालं, अरे ये तो भाषण वाले बाबूजी हैं.

निहारिका माझ्याकडे बघत होती. हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं.

मग सुलूने ताट माईच्या हातात दिलं, दाराशी आली आणि हळूच म्हणाली, "अहो, जरा उतरता का?" बाकी काही नाही. पदर खोचला, चपला काढून मागे ठेवल्या, सीट पुढे ओढली. उस्तादने हात मांडीवर ठेवून घेतले. गाडी निघाली तेव्हा आवाजसुद्धा वाढला नाही. फट् फट्, मग परत फट् फट्. पुढे जाऊन वळवून कडुलिंबाच्या झाडाखाली सावलीत लावली. ट्रॅक्टरवाल्याने टाळ्या वाजवल्या.

कारणं: १. चाकांखाली झेंडूची फुलं, पकड नाही. २. टायरला कुंकवाचं पाणी. ३. गिअरच्या दांडीवर हार अडकवलेला, त्यामुळे नॉबवरचा नकाशा दिसला नाही. ४. गर्दीचा मानसिक दाब.

ही चारही कारणं खरी आहेत. तरी वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. घरी येऊन आपट्याची पानं वाटताना निहारिकेच्या हातात पान दिलं तेव्हा तिच्याकडे बघवलं नाही.

५ ऑक्टोबर, सोमवार. सकाळी ९

सुलूने निहारिकेला शाळेत सोडलं. शेजारी उस्ताद, पुढेमागे लाल एल. मी स्कूटरवरून मागे होतो, संरक्षण म्हणून. फाटकाशी सहावी 'ब' उभी होती. मी जरा लांब थांबलो, पण ऐकू येत होतं. एकीने विचारलं, तुझे बाबा चालवणार होते नं? निहारिका म्हणाली, "माझ्या बाबांनीच आईला शिकवलं."

स्कूटर दोन वेळा सुरू झाली नाही.

तसं पाहिलं तर ती बरोबर बोलली. उस्तादकडे पाठवलं कोणी?

१३ ऑक्टोबर, मंगळवार

मधुकरने फोटो धुऊन आणले. छत्तीस फोटो. एकतीस सुलूचे, चार लिंबांचे, एकात माझं कोपर आहे. मधुकर म्हणाला, फोकस तिथेच जात होता रे. एक फोटो त्याने मोठा करून आणला आहे, सुलू स्टिअरिंगवर, खोचलेल्या पदराची. माईने तो देवघराशेजारी लावला.

मग आम्ही नेहमीप्रमाणे वाद घातला. बरं वाटलं.

८ नोव्हेंबर, रविवार. सकाळी ८

मोठा शोध. इतके दिवस डोळ्यांसमोर होता. रॅलीच्या गाडीत दोन माणसं असतात! ड्रायव्हर फक्त हात-पाय चालवतो. शेजारी नॅव्हिगेटर बसतो, त्याच्याजवळ रस्त्याची वही. पुढचं वळण किती कडक, चढ कुठे, दगड कुठे, तो ओरडून सांगतो आणि ड्रायव्हर मुकाट ऐकतो. खरा मेंदू डाव्या सीटवर. मी चुकीच्या बाजूच्या दाराने बसत होतो, एवढंच.

सुलूची मोठी बहीण शैलाताई इंदूरला नवीन घर घेतेय. सहा डिसेंबरला वास्तुशांत. तोवर सुलूचं पक्कं लायसन्स येईल. उज्जैन ते इंदूर, पहिली मोहीम. नकाशा आजपासून.

२ डिसेंबर, बुधवार

लायसन्स आलं मागच्या आठवड्यात. आज रजा टाकून स्कूटरवर वाटेतल्या सांवेरपर्यंत जाऊन नोंदी पूर्ण केल्या. प्रत्येक वळणाला एक ते सहा नंबर. स्पीडब्रेकर, पूल, ढाबे. म्हशींच्या जागा वेगळ्या शाईने. सत्तावीस पानं ट्रेसिंग पेपर.

सुलूला दाखवलं. म्हणाली, छान काढलंय हो. निहारिकेने म्हशी रंगवल्या.

५ डिसेंबर, शनिवार

किरकोळ बदल. माईला गाडी लागते. मागे बसली की हटकून लागते. म्हणून माई पुढे. मधुकरला लेन्स आणायला इंदूरला जायचंच होतं, तोही येतोय. म्हणजे मी मागे. हरकत नाही. नॅव्हिगेटरला दिसण्याची गरज नसते, आवाज लागतो.

६ डिसेंबर, रविवार. संध्याकाळी ६, इंदूर, शैलाताईंकडे

सकाळी आठला निघालो. पुढे सुलू, माई. मागे मी, मधुकर, मध्ये निहारिका. मांडीवर चिवड्याचा डबा, त्यावर नोंदी.

मी सुरू केलं: डावं चार, शंभर मीटर, उजवं दोन, म्हशी. माईने मागे वळून विचारलं, हे कोणतं स्तोत्र म्हणून राहिलास? म्हशी नव्हत्या त्या जागी. पुढे होत्या, नोंद नसलेल्या ठिकाणी. सुलू म्हणाली, "अहो, दिसतंय मला."

तेवढ्यात मधुकर म्हणाला की हे वळण इम्प्रेझाने डोळे मिटून घेतलं असतं. मी दुर्लक्ष केलं असतं. पण तो पुढे म्हणाला की इव्होल्यूशनची ती मागच्या चाकांची यंत्रणा म्हणजे कुबडी आहे. सहा वर्षांत हा शब्द त्याने कधी वापरला नव्हता. मी आडव्या इंजिनाला शिलाई मशीन म्हणालो. त्याने माझ्या नोंदी ओढल्या. पान आठ फाटलं. निहारिकेने कानात बोटं घातली. मी नक्की किती मोठ्याने बोलत होतो आठवत नाही, पण माईने खिडकीची काच वर केली.

सुलूने डावा इंडिकेटर दिला. गाडी हळूच एका झाडाखाली थांबली. मागे वळून न बघता ती म्हणाली, "दोघेही उतरा. मागून बस येतेच आहे. भांडून झालं की या." आवाज चढवला नाही. त्यामुळे उतरावंच लागलं. माई म्हणाली, डबा ठेवून जा.

वीस मिनिटांनी बस मिळाली. उभ्याने. आम्ही दोघं एकाच दांड्याला धरून, एकमेकांकडे न बघता. सांवेर गेल्यावर पुढे आमची पांढरी गाडी दिसली. बसवाल्याने हॉर्नवर हात ठेवला तो उचललाच नाही. समोरून एक ट्रक, कडेला बैलगाडी. मी वाकून खिडकीतून पाहिलं. सुलूने घाई केली नाही. बैलगाडी मागे टाकली, एक गिअर खाली घेतला, मग बसला जागा दिली, तीही कच्च्यावर न उतरता. वरून तिचा गिअरवरचा हात दिसत होता. ती त्याच्याकडे बघतसुद्धा नव्हती. निहारिकेने आम्हाला हात केला.

मधुकर बराच वेळ मागे वळून बघत राहिला. मग चष्मा काढून शर्टाला पुसला आणि म्हणाला, "वहिनींना गाडी चालवता येते रे."

मी म्हणालो, हो.

चष्मा परत लावून म्हणाला, "आपल्याला नाही येत."

मी म्हणालो, नाही.

सहा वर्षांतलं आमचं पहिलं एकमत. कंडक्टर म्हणाला, दोनों अंकल आगे सरको.